डब्यातला लेगोचा ठोकळा कधीचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळा आवरताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडतो. झाकण उघडलं की आत रंगीत ठोकळे, दोन चाकं, डोकं नसलेला एक माणूस आणि कुठल्याशा दिवाळीतल्या किल्ल्याची वाळलेली माती. "हे कधीचं रे?" या प्रश्नाला घरातले चौघे चार उत्तरं देतात. आमच्या घरी असंच झालं. मामा जहाजावर होता, त्याने वेगवेगळ्या फेऱ्यांत आणलेलं, नंतर चुलतभावाने दुबईहून पाठवलेलं आणि शेवटी माझ्या मुलीच्या वाढदिवसांना आलेलं, असं सगळं एकाच डब्यात गेलं. ते निवडताना जे कळलं आणि त्यानंतर लोक जे विचारत गेले, ते इथे एकत्र केलं आहे. सगळं लेगोबद्दलच आहे, कारण सत्तरपंचाहत्तर वर्षांचा माग काढता येईल इतक्या खुणा याच ठोकळ्यांवर सापडतात.

तुकड्यावर तारीख असते का?

नसते. घरातली प्लॅस्टिकची बादली उलटी करून बघा. बऱ्याच बादल्यांच्या तळाला घड्याळासारखं छोटं वर्तुळ असतं, त्यात बारा महिने आणि वर्षाकडे दाखवणारा बाण. नेहमीच्या लेगो ठोकळ्यावर तशी सोय नाही.

आतल्या बाजूला बारीक आकडे मात्र दिसतात आणि इथेच पहिली फसगत होते. दोन बाय चारच्या, म्हणजे वर चार-चार बटणांच्या दोन रांगा असलेल्या ठोकळ्यात ३००१ दिसलं की "२००१ चा असणार" असं वाटतं. ३००१ हा त्या आकाराचा क्रमांक आहे. दोन बाय दोनचा ३००३, एक बाय दोनचा ३००४, एक बाय एकचा ३००५. शेजारी आणखी एखादा सुटा आकडा असेल तर तो साच्यातल्या खणाचा. एका साच्यात एका वेळी अनेक ठोकळे पडतात, त्यातला हा कुठल्या खणातला एवढंच त्यावरून कळतं.

मग वय ठरवायचं म्हणजे नक्की काय ठरवायचं?

दोन टोकं ठरवायची. हा तुकडा अमुक सालाच्या आधीचा असूच शकत नाही, हे एक टोक. अमुक सालानंतर असा बनतच नव्हता, हे दुसरं. उत्खननात नाणं सापडलं तर तो थर त्या नाण्याच्या आधीचा नाही एवढं नक्की सांगता येतं, तोच हा प्रकार. एका खुणेवर विसंबायचं नाही. तीन-चार खुणा एकमेकींवर ठेवल्या की मधली जागा अरुंद होत जाते. कधी ती पाच वर्षांवर येते, कधी वीस वर्षांवरच अडते. साधा लाल दोन बाय चार असेल तर बहुतेक वेळा अडतेच.

तो लेगोचाच आहे हे कसं ओळखायचं?

डोक्यावरची बटणं बघा. प्रत्येक बटणावर इंग्रजीत लेगो लिहिलेलं हवं. मातीने अक्षरं बुजली असतील तर कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि थेंबभर भांड्यांचा साबण पुरे. पाणी ४० अंशांच्या वर नको, ठोकळे वाकतात.

बटणं कोरी असतील तर दोन शक्यता. एक, तो दुसऱ्या कोणाचा आहे. पेटंटची मुदत संपत गेली तशी इतरांनी त्याच मापाचे ठोकळे काढले. अमेरिकेत टायको १९८४ पासून, पुढे कॅनडाची मेगा ब्लॉक्स आणि मग बिननावाचे असंख्य. आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांत ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ म्हणून पिशवीत मिळायचे ते बहुधा या मापाचेही नसतात. दुसरी शक्यता दुर्मीळ, पण आहे. लेगोच्या अगदी सुरुवातीच्या ठोकळ्यांच्या बटणांवरही नाव नव्हतं.

शंका असेल तर व्हर्नियरने मोजा. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची बटण सोडून ९.६, चपट्या पट्टीची त्याच्या एक तृतीयांश म्हणजे ३.२. लहान मुलांचा डुप्लो याच्या बरोबर दुप्पट आणि तो १९६९ पासूनचा.

ठोकळा उलटा केला तर आत नळ्या नाहीत, नुसती पोकळी आहे. फार जुना आहे का?

असू शकतो, आणि असला तर मोठी गंमत आहे. पण आधी इतिहास.

डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार ओले कर्क क्रिस्टियनसेन १९३२ पासून लाकडी खेळणी करत होता. १९४६ मध्ये त्याने प्लॅस्टिक साच्यात दाबणारं यंत्र घेतलं. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीचे एकमेकांत बसणारे ठोकळे १९४७ पासून विकले जात होते. त्यांचा नमुना समोर ठेवून, मापं इंचातून मिलिमीटरमध्ये आणून, बटणांचे माथे सपाट करून लेगोने १९४९ मध्ये आपले ठोकळे काढले. (किडीक्राफ्टच्या ठोकळ्यांचे हक्क लेगोने विकत घेतले ते थेट १९८१ मध्ये.) हे ठोकळे आतून पूर्ण पोकळ होते. खिडक्या-दारं सरकवून बसवण्यासाठी बाजूच्या भिंतीला उभी चीर असायची. पकड यथातथाच, रचलेली भिंत धक्का लागला की खाली.

२८ जानेवारी १९५८ रोजी दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी मुलगा गोटफ्रेड याने आत नळ्या असलेल्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वरच्या ठोकळ्याची नळी खालच्या चार बटणांच्या मध्ये घट्ट बसते, ती ‘टक’ अशी पकड तेव्हापासूनची. म्हणून दोन बाय दोन किंवा दोन बाय चारच्या पोटात नळी नसेल, बाजूला चीर असेल, तर १९४९ ते १९५० चं दशक संपेपर्यंतचा काळ धरायला हरकत नाही.

मेख अशी की एकेरी रांगेचे ठोकळे, म्हणजे एक बाय दोन, एक बाय चार वगैरे, यांच्या पोटात नळी मावतच नाही. त्यांच्यात बारीक भरीव दांडा असतो आणि जुन्या एक बाय दोनमध्ये तोही नसायचा. त्यामुळे पोकळ एक बाय दोन पाहून लगेच १९५५ साल सांगू नका. हाच शोध मी स्वतः मोठ्या थाटात जाहीर केला होता.

आणखी एक बारीक फरक. जुन्या दोन बाय चारच्या भिंती जाड आणि आतून गुळगुळीत असतात. नंतरच्या ठोकळ्यांच्या भिंती पातळ, आणि जिथे बटण टेकतं तिथे आतून उभ्या बारीक रेघा. दोन ठोकळे शेजारी उलटे ठेवले की लगेच डोळ्यांत भरतं.

आत ‘पॅट. पेंड.’ लिहिलं आहे. म्हणजे १९५८ चा?

१९५८ च्या आधीचा नाही, एवढंच. पेटंटचा अर्ज केला आहे, मंजुरी यायची आहे, असा त्याचा अर्थ. पण साचा पोलादाचा आणि महागडा, मंजुरी आली म्हणून कोणी तो फेकत नाही. त्यामुळे ती अक्षरं पुढे बरीच वर्षं उमटत राहिली. नंतर साच्यातली ती जागा बुजवली गेली, म्हणून काही ठोकळ्यांत नावाखाली एक कोरी आडवी पट्टी दिसते. अक्षरं असलेला आधीचा, पट्टी असलेला नंतरचा, दोन्ही नसलेला त्याहून नंतरचा असा क्रम लावता येतो. साल नाही सांगता येत.

साच्यात प्लॅस्टिक जिथून शिरतं तिथे एक बारीक टिंब राहतं, तेही पाहा. जुन्या ठोकळ्यांत ते बाजूच्या भिंतीवर सापडतं, नंतरच्यांत बटणाच्या माथ्यावर, नावाच्या अक्षरांत लपलेलं. भिंग लागेल.

माझा लाल ठोकळा किंचित वाकडा आहे, दुसऱ्यावर नीट बसत नाही. खराब झाला की जुना आहे?

डब्यातला सगळ्यात बोलका तुकडा तुमच्या हातात असण्याची शक्यता आहे.

१९६३ पर्यंत हे ठोकळे सेल्युलोज ॲसिटेटचे बनत. हे प्लॅस्टिक काळाच्या ओघात आकसतं, पिळवटतं. लांब ठोकळा टेबलावर ठेवला तर मधोमध खालून उजेड दिसतो, भिंती आत ओढल्यासारख्या होतात. काहींना आंबूस वास येतो, व्हिनेगरकडे झुकणारा. जुन्या सिनेमांच्या रिळांना येतो तोच, कारण द्रव्य एकाच कुळातलं. १९६३ पासून एबीएस हे दुसरं प्लॅस्टिक आलं. ते टणक, चकचकीत, आणि साठ वर्षांनीही मापाला पक्कं. एबीएसचा जुना ठोकळा आजच्या ठोकळ्यावर सहज बसतो.

दोन्ही ओळखायला स्वयंपाकघरातली परीक्षा पुरते. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, तीन मोठे सपाट चमचे, पूर्ण विरघळू द्या. आधी ठोकळा साध्या पाण्यात सोडा. बुडायला हवा. तरंगला तर पोटात हवा अडकली आहे, उलटा करून बोटाने बुडबुडे काढा आणि पुन्हा सोडा. साध्या पाण्यात बुडाला की मग मिठाच्या पाण्यात टाका, तिथेही बुडबुडे काढायला विसरू नका. एबीएस वर येऊन तरंगतं, ॲसिटेट तळाला जातं. कारण सरळ आहे. एबीएस पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्के जड, हे खारं पाणी सुमारे पंधरा टक्के जड आणि ॲसिटेट त्याहूनही जड.

पारदर्शक तुकड्यांना ही परीक्षा लावू नका. ते कित्येक वर्षं पॉलिकार्बोनेटचे होते आणि पॉलिकार्बोनेटही या पाण्यात बुडतं. छापील किंवा स्टिकर लावलेला तुकडाही भिजवू नका. आणि नेलपॉलिश काढायच्या द्रवाने ‘तपासून बघू’ असं कोणी सुचवलं तर त्याच्या हाती डबा देऊ नका, त्यात दोन्ही प्लॅस्टिकं विरघळतात.

एक अपवाद. अमेरिकेत १९६१ ते १९७२ लेगोचा परवाना सॅमसोनाइटकडे होता, तीच बॅगांची कंपनी. त्यांच्याकडे ॲसिटेट आणखी काही वर्षं चाललं. अमेरिकेतल्या आत्याकडून आलेला वाकडा ठोकळा असेल तर १९६३ ची रेघ थोडी पुढे सरकवा.

पांढरे ठोकळे पिवळे पडलेत. जितका पिवळा तितका जुना ना?

नाही. हा सगळ्यात पसरलेला गैरसमज आहे. पिवळेपणा उन्हाचा आणि उष्णतेचा. पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेलं घर काही वर्षांत पिवळं पडतं आणि त्याच खोक्यातले डब्यात राहिलेले ठोकळे दूध वाटावेत असे राहतात. एकाच ठोकळ्याची एक बाजू पिवळी आणि दुसऱ्या ठोकळ्याखाली झाकलेली बाजू शुभ्र असंही दिसतं. निळे हिरवट होतात, राखाडी मातकट.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन यांनी पिवळेपणा काढणारे लोक आहेत. निकाल छान दिसतो, पण वय ओळखायचं असेल तर धुण्याआधी बाकीच्या खुणा तपासून घ्या.

मग रंगावरून काहीच कळत नाही?

कळतं, आणि एका ठिकाणी तर फार चोख कळतं. २००४ च्या आसपास लेगोने करडा, गडद करडा आणि तपकिरी हे तिन्ही रंग बदलले. आधीचा करडा किंचित पिवळसर, उबदार, रांगोळीत राख मिसळावी तसा. नंतरचा निळसर, थंड, पावसाळी ढगासारखा. आधीचा तपकिरी मातीचा, नंतरचा लालसर, काताच्या जवळ जाणारा. त्या वेळी जगभरच्या शौकिनांनी बरीच आरडाओरड केली, कारण अर्धा किल्ला एका करड्यात आणि उरलेला दुसऱ्यात अशी पंचाईत झाली. आपल्याला मात्र त्यामुळे आयती सीमारेषा मिळाली.

पाहायची पद्धत महत्त्वाची. ट्यूबलाइटखाली सगळे करडे निळे दिसतात. सकाळी गॅलरीत, सावलीत, पांढऱ्या कागदावर ठेवा. शेजारी एखादा तुकडा असा हवा की जो नवा असल्याची खात्री आहे. नुसत्या आठवणीवर करडा ओळखता येत नाही, दोन शेजारी ठेवले की शाळकरी मूलही ओळखतं. पिवळा पडलेला नवा करडा जुन्या करड्यासारखा दिसू शकतो. अशा वेळी आतली, न उन्हाळलेली बाजू पाहा.

छोट्या माणसांवरून काय सांगता येईल?

ठोकळ्यापेक्षा माणूस बरंच जास्त सांगतो. हातपाय हलणारा, पिवळ्या चेहऱ्याचा छोटा माणूस १९७८ मध्ये आला. त्याच्या आधी १९७४ ची मोठी कुटुंबं होती, गोल डोकं आणि ठोकळ्यांचं अंग. मग १९७५ चे छोटे, पण हात न हलणारे आणि चेहराच नसलेले पुतळे. तुमच्या डब्यात नाक-डोळे नसलेला ताठ माणूस असेल तर चेहरा पुसला गेला असं समजू नका. तो कोराच होता.

१९७८ पासून अकरा वर्षं सगळ्यांचा चेहरा एकच, दोन ठिपके आणि एक हसू. शिपाई, डॉक्टर, अंतराळवीर सगळे सारखेच खूश. १९८९ मध्ये समुद्री चाचे आले आणि त्यांच्याबरोबर मिशा, दाढ्या, एका डोळ्यावरची पट्टी, आकड्याचा हात. २००३ पासून काही माणसांना पिवळ्याऐवजी खऱ्या त्वचेचे रंग मिळू लागले, सुरुवात बास्केटबॉल खेळाडूंपासून.

डोक्यावरची टोपी काढून माथा बघा. माथ्याचं बटण भरीव असेल तर साधारण १९८० च्या दशकातलं किंवा त्याआधीचं. नंतर ते पोकळ झालं, कारण चुकून गिळलं गेलं तर हवा जायला वाट हवी. अंतराळवीराच्या शिरस्त्राणाची हनुवटीखालची पट्टीही बघा. सुरुवातीच्या पातळ आणि हमखास मोडलेल्या, नंतरच्या जाड.

एखादा तुकडा दिसला की लगेच काळ सांगता येईल असं काही आहे का?

‘याच्या आधीचा नाही’ या टोकासाठी आहेत. छपराचा उतरता ठोकळा १९५८, चाकं १९६२, एक तृतीयांश उंचीची चपटी पट्टी १९६३, आगगाडी १९६६. बाजूला ओळीने भोकं असलेली दांडी १९७७, म्हणजे पुढे टेक्निक नावाने ओळखली गेली ती मालिका. ९ व्होल्टची आगगाडी, जिच्या रुळांतूनच वीज जाते, ती १९९१. एका बटणाच्या जागेतला इवलासा उतार, चीजच्या फोडीसारखा, २००४ च्या सुमाराचा. चाकाला धातूचा बारीक आस असेल तर तो १९६०-७० च्या दशकांतला धरावा. गुळगुळीत फरशीच्या तुकड्याला खालच्या कडेने नखाला जागा देणारी खाच नसेल तर तोही जुन्यांपैकी.

खोका किंवा पुस्तिका शिल्लक आहे. त्यावरून?

मग निम्मं काम झालं. पुस्तिकेच्या मागच्या पानावर किंवा खोक्याच्या कडेला हक्कांच्या चिन्हाशेजारी साल असतं. ते संच बाजारात आल्याचं साल. तुमचा खोका त्याच वर्षी बनला असं नाही, काही संच अनेक वर्षं विकले जातात. बांधणीच्या क्रमवार पुस्तिकाच १९६४ पासूनच्या, त्यामुळे त्याआधीच्या खोक्यात ती सापडली नाही तर शोधत बसू नका.

अलीकडच्या खोक्यांच्या सीलजवळ एक छोटा संकेत असतो, दोन आकडे, अक्षर, मग एक आकडा. समजा ३२, मग अक्षर, मग ८. म्हणजे त्या वर्षाचा ३२ वा आठवडा, अक्षर कारखान्याचं आणि वर्षाचा शेवटचा आकडा ८. ते २००८ की २०१८ हे हक्कांच्या सालावरून ठरवा.

बाकीचे धागे खेळण्याबाहेरचे आहेत आणि मला तेच जास्त आवडतात. किमतीचं लेबल शिलिंग आणि पेन्समध्ये असेल तर ते १५ फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं, कारण त्या दिवशी ब्रिटनने दशमान नाणी घेतली. कुठे ‘पश्चिम जर्मनी’ छापलं असेल तर ऑक्टोबर १९९० च्या आधीचा छापील माल. युरोपातल्या सुरक्षिततेची सीई ही दोन अक्षरं खेळण्यांवर १९९० पासून. बारकोड असेल तर १९७४ च्या आधीचा प्रश्नच नाही, पहिला बारकोड दुकानात वाचला गेला तेच साल.

आपल्याकडे विकत घेतलेल्या खोक्यावर आयातदाराचं पांढरं लेबल चिकटवलेलं असतं, त्यावर कमाल किरकोळ किंमत आणि महिना-वर्ष. लोक ते कौतुकाने सोलून काढतात, तसं करू नका. ती तारीख बहुतेकदा आयातीची असते, पण ‘याच्या नंतर बनलेला नाही’ हे टोक तिच्यावरून हमखास मिळतं. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं १ जानेवारी २०२१ पासून, म्हणून ते चिन्ह असलेला खोका बहुधा त्या सुमाराचा किंवा नंतरचा.

डब्यात सगळं मिसळलेलं आहे. पूर्ण डब्याचं वय कसं सांगू?

डब्याला एक वय नसतं. शेवटची भर कधी पडली हे मात्र सांगता येतं, सगळ्यात नवा तुकडा शोधा. तो निळसर करडा असेल तर २००४ च्या आसपास किंवा नंतर डबा उघडला गेला होता.

भर वेगळी करायची असेल तर साधे ठोकळे बाजूला ठेवा आणि विचित्र तुकडे निवडा. छापील पाटी, दार, बोटीचा तळ, वेगळ्या रंगाची खिडकी. असा तुकडा दोन-चार संचांतच आलेला असतो. त्याच्या आतला क्रमांक आणि रंग ब्रिकलिंक किंवा रीब्रिकेबल या संकेतस्थळांवर शोधला की तो कोणत्या सालच्या कोणत्या संचात होता हे दिसतं. असे तीन विचित्र तुकडे एकाच संचाकडे बोट दाखवू लागले की समजा, तो संच तुमच्या घरी होता. मग त्याच्या यादीतले बाकीचे तुकडे शोधा. एका रविवारात होत नाही. पावसाळ्यात करावं.

प्रयोगशाळेत तपासता येतं का?

येतं, आणि झालंही आहे. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर वाहून आलेले ५० लेगो तुकडे घेऊन प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. क्ष-किरणांच्या मदतीने प्लॅस्टिकमधली मूलद्रव्यं ओळखली. आता वापरात नसलेले रंगद्रव्यांतले घटक सापडले की तुकडा जुना. मग जपून ठेवलेल्या तशाच संचांशी जोड्या लावल्या. बहुतेक तुकडे १९७० आणि ८० च्या दशकांतले निघाले. झीज मोजून त्यांनी अंदाज केला की असा तुकडा समुद्रात १०० ते १३०० वर्षं टिकेल.

त्याच किनाऱ्यावर आणखी एक प्रकार सापडतो. १३ फेब्रुवारी १९९७ रोजी टोकियो एक्स्प्रेस या जहाजावर मोठी लाट आदळली आणि ६२ कंटेनर समुद्रात गेले. एकात सुमारे ४८ लाख लेगो तुकडे होते. योगायोग असा की त्यातले बरेच समुद्राच्याच विषयाचे होते, ऑक्टोपस, पाण्यात पोहायची पावलं, जीवरक्षक तराफे. ते अजून वाळूत येतात. त्या तुकड्यांना ‘याच्या नंतर बनलेला नाही’ हे टोक दिवसासकट मिळालं आहे.

तुकडे पटापट तुटतायत. म्हणजे खूप जुने?

उलटही असेल. २००४ नंतरचा लालसर तपकिरी आणि गडद लाल यांतले काही तुकडे बिस्किटासारखे मोडतात, हे जमवणाऱ्यांत सर्वांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकातला लाल ठोकळा त्याच वेळी दगडासारखा असतो.

जुने ठोकळे मुलांना खेळायला द्यावेत का?

तोंडात घालायच्या वयाच्या बाळाला नाही. जुन्या प्लॅस्टिक खेळण्यांच्या लाल आणि पिवळ्या रंगांत कॅडमियम असायचं, आणि प्लिमथच्याच २०१८ च्या अभ्यासात ते जुन्या ठोकळ्यांतही आढळलं. मोठ्या मुलांनी खेळून हात धुवावेत. ॲसिटेटचे वाकडे ठोकळे तर खेळायला देऊच नका, ते बसत नाहीत आणि जोर लावला की चिरतात.

विकले तर पैसे मिळतील?

सुट्या साध्या ठोकळ्यांचे फार नाही. पूर्ण संच, पुस्तिका, खोका आणि न मोडलेली माणसं असतील तर गोष्ट वेगळी.

सगळ्या खुणा पाहिल्या, पण घरच्यांनी सांगितलेल्या सालाशी जुळत नाही. कोणाचं खरं?

ठोकळ्याचं. पण घरच्यांचं खोटं असतंच असं नाही, कारण विकत घेतल्याचं साल आणि बनल्याचं साल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आमच्या डब्यातला एक लाल दोन बाय चार कशावरच बसत नव्हता. मधोमध खालून उजेड, भिंती आत गेलेल्या, भिंतीवर टिंब, पोटात नळ्या आणि ‘पॅट. पेंड.’. मिठाच्या पाण्यात टाकला, दगडासारखा तळाला गेला. म्हणजे १९५८ ते १९६३ किंवा थोडं पुढे. मामाचं म्हणणं, पहिला खोका त्याने १९७६ मध्ये रॉटरडॅमला घेतला, नवा कोरा, आमच्या आईसमोर त्याने शपथेवर सांगितलं होतं. मी त्याला फोन केला, पेल्यात बुडालेल्या ठोकळ्याचा फोटो पाठवला. बराच वेळ काही आलं नाही. मग आलं, "अगं, बंदराजवळ जुना बाजार भरायचा. खोका नव्हताच, कापडी पिशवीत होते. तुझ्या आईला सांगू नकोस."